बारा आठवड्यांचे पाहुणे

विद्यापीठाचं पत्र येतं: माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गातले २ विद्यार्थी १२ आठवडे आपल्याकडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतील. साहेबांना त्यात फुकटचे ४ हात दिसतात. मला दिसतात २ लॅपटॉप, २ खाती आणि परवानग्यांची न संपणारी यादी.

ही यादी इंटर्न येण्याच्या ३ आठवडे आधी हलवायला लागते. कारण ईमेल नाही म्हणून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) नाही, व्हीपीएन नाही म्हणून तिकीट, म्हणजे आयटी विभागाकडे मागणीची नोंद, टाकता येत नाही, आणि ईमेल हवा तर आधी तिकीट टाका! म्हणून सगळी तिकिटं आपल्याच नावाने टाकावीत आणि ते यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडतो का, हे स्वतः बघावं. चाचणीच्या डेटाबेसवर हवा तेवढा गोंधळ घालू द्या. प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला, हात नाही. नुसतं वाचायलाही नाही, कारण तिथे खऱ्या ग्राहकांची खरी माहिती असते. 'व्हेअर'ची अट न लावता, म्हणजे सरसकट सगळ्या नोंदी बदलणारा 'अपडेट' चालवायचा असेल, तर तो चाचणीच्या डेटाबेसवरच चालवलेला बरा.

पहिल्या दिवशी त्यांच्या हाती रीडमी फाइल द्यायची. तिच्यात 'प्रोजेक्ट ५ मिनिटांत चालू करा' असं लिहिलेलं असतं आणि ते लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. ही फाइल अक्षरशः पाळणारा माणूस म्हणजे इंटर्नच. बाकीचे सगळे सवयीने पायऱ्या गाळतात. तिसऱ्या पायरीवर लायब्ररीची (आयत्या कोडच्या संचाची) आवृत्ती जुळत नाही. सहाव्या पायरीला लागणारी कॉन्फिगरेशनची फाइल एकाच सहकाऱ्याच्या मशीनवर असते आणि तो नेमका रजेवर असतो. चिडू नका, हेच पहिलं काम द्या: जिथे अडलात, तिथे रीडमी दुरुस्त करा. पहिल्या शुक्रवारपर्यंत त्यांचा एक तरी बदल मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, जातो आणि आपली अब्रूही थोडी सावरते.

मोठं काम निवडताना मात्र डोकं लावावं लागतं. ग्राहकाला तारीख दिलेलं काम त्यांना देऊ नये, नाहीतर शेवटी रात्री जागून ते आपणच करतो. 'एखाद्या नव्या तंत्रज्ञानाचा अभ्यास करा' हेही नको. त्यातून ४० स्लाइड बाहेर पडतात आणि त्या कुणालाच उघडायच्या नसतात. काम असं हवं की त्याची कुणी वाट बघत नाही, पण झालं तर ऑफिसातलं कुणीतरी नक्की वापरेल. आणि निम्म्यावर थांबलं तरी ते निम्मं चालेल. ग्राहकांकडून येणाऱ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइलमधल्या चुकीच्या तारखा आणि रिकामे रकाने आयात करण्याआधी पकडणारी स्क्रिप्ट, हे माझं आवडतं उदाहरण.

मग सुरू होते शांतता. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, विचारावं तर उत्तर येतं, "चाललंय सर." हे सलग दोन दिवस ऐकू आलं की समजावं, गाडी सोमवारपासून रुतलेली आहे. नियम सोपा ठेवा: अर्धा तास स्वतः झगडा, मग विचारा, आणि विचारताना काय करत होतात, काय करून पाहिलंत आणि पूर्ण एरर मेसेज, तिन्ही सांगा. मेसेज कॉपी करून पाठवायचा. स्क्रीनचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो, ज्यात नेमकी शेवटची ओळ कापलेली असते, तो चालणार नाही.

रिव्ह्यूचं प्रकरण वेगळंच. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल मुख्य शाखेत घेण्याच्या विनंतीत, ४,००० ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल असतो ३ ओळींचा. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं वापरतं, लिनक्स एक. एडिटरने ती बदलली की गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला, प्रत्येक ओळ नवी वाटते. रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) गिटॲट्रिब्यूट्सची फाइल टाकून शेवटाची चिन्हं एकदाची ठरवून द्यावीत. मुख्य शाखेला कुलूप हवंच: थेट पुश (कोड चढवणं) बंद, किमान एकाची मंजुरी सक्तीची. आणि एपीआयची की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) कमिट झाली, म्हणजे कोडसोबत नोंदवली गेली, की इंटर्न पुढच्याच कमिटमध्ये ती निरागसपणे पुसतो. गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. ती उघड झाली असं धरून आधी रद्द करायची, नवी काढायची. ओरडायचं असेल तर नंतर.

कोड फारच देखणा आला, तर वाचण्याआधी एक ओळ दाखवून विचारावं, "ही काढली तर काय होईल?" उत्तर आलं तर तो कुणी लिहिला याची चौकशी करत बसू नये. "बघून सांगतो" आलं, तर चॅटबॉटचीही हजेरी मांडायला हरकत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवा कोड बंद. ज्याने स्क्रिप्ट कधी पाहिली नाही अशा सहकाऱ्याने ती फक्त कागदपत्रं वाचून चालवायची. इंटर्न शेजारी बसेल, पण तोंड उघडणार नाही. हे त्याला ३ महिन्यांतलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

राहतात विद्यापीठाचे फॉर्म. सीएसव्ही तपासणाऱ्याला 'नेतृत्वगुण' १ ते ५ पैकी किती द्यायचे, हे देव जाणे. अहवालावर सही करण्याआधी त्यातले स्क्रीनशॉट बघाच; सर्व्हरची नावं आणि ग्राहकांचे पत्ते तिथूनच बाहेर जातात. मुखपृष्ठही बघा. आपल्या गरीब स्क्रिप्टचं तिथे 'कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित बृहत् विदा विश्लेषण प्रणाली' झालेलं असतं. खोडलं तर विद्यापीठातल्या गाईडचा फोन येतो की साध्या नावाला परीक्षक मार्क देत नाहीत. बऱ्याच घासाघिशीनंतर 'स्वयंचलित' या शब्दावर मिटतं.