निवळलेले पाणी आणि निर्जंतुक पाणी : क्लॅरिफायरविषयीच्या एका संदेशाला उत्तर

पाऊस ओसरून पर्यटकांचे फोन सुरू झाले, की अलिबागपासून मालवणपर्यंतच्या होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पोहण्याच्या पूलमधले गढूळ पाणी निवळवणाऱ्या ‘क्लॅरिफायर’ या रसायनाविषयीचा एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘पूलमध्ये क्लॅरिफायर टाका. तासाभरात पाणी काचेसारखे होते, जंतू आणि शेवाळ मरते, म्हणून क्लोरीन निम्मे करा आणि पंप बंद ठेवून वीज वाचवा. फरक पडला नाही तर मात्रा दुप्पट करा. क्लॅरिफायर नसेल तर तुरटी टाका, दोन्ही एकच.’ यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि क्लोरीनविषयीचे तर सरळसरळ धोक्याचे आहे.

तासाभराचा आणि पंप बंद ठेवण्याचा दावा एकत्रच तपासावा लागतो. पावसानंतर पूल गढूळ दिसतो तो जांभ्याच्या मातीच्या आणि मेलेल्या शेवाळाच्या इतक्या बारीक कणांमुळे, की साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवणाऱ्या वाळूच्या फिल्टरमधून ते सहज निसटतात. या कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत दिवसेंदिवस तरंगत राहतात. क्लॅरिफायरमध्ये धनभार असलेले पॉलिमर (लांब साखळीचे रेणू), पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड किंवा कायटोसान असते (हे शेवटचे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, म्हणजे आपल्याच बंदरावर जी सालपटे फेकली जातात त्यांच्यापासून). हा धनभार कणांमधला दुरावा मोडतो, कण एकमेकांना चिकटतात आणि फिल्टरच्या आवाक्यात येण्याइतके मोठे होतात. क्लॅरिफायरचे काम इथे संपते. घाण पाण्याबाहेर काढतो तो फिल्टर. पंप बंद केला तर गोळा झालेला गाळ पूलमध्येच राहणार. पंप सलग चालवूनही बहुधा एक ते दोन दिवस लागतात, आणि दाबमापकाचा काटा स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (दाबाचे एकक) चढला, की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुणे, करावाच लागतो.

जंतूंच्या बाबतीत संदेशाने डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेलाच शुद्धता मानले आहे. एका लिटरमध्ये लाखो जिवाणू असले तरी पाणी निवळशंख दिसू शकते. क्लॅरिफायर जंतूंना मारत नाही. गढूळपणा गेल्याने कणांआड लपलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचणे सोपे होते, एवढाच त्याचा हातभार. लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त (अजून खर्ची न पडलेले) क्लोरीन ठेवावेच लागते, आणि पीएचही (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा, कारण पीएच ८ ला गेला की त्या क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जंतुनाशक रूपात उरतो. जिवंत शेवाळाचेही तसेच : आधी क्लोरीनने मारा, भिंती घासा, मग क्लॅरिफायरचा विचार करा.

मात्रा दुप्पट करण्याचा सल्ला देणाऱ्याने तो स्वतः बहुधा करून पाहिलेला नसावा. गरजेपेक्षा अधिक पॉलिमर गेले की कणांवरचा ऋणभार संपून त्यांवर उलट धनभार चढतो, ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात आणि पाणी अधिकच धूसर होते. शिवाय उरलेले पॉलिमर वाळूला चिकटून फिल्टर जाम करते. अशा वेळी काहीही न टाकता पंप चालू ठेवणे आणि थोडे पाणी बदलणे एवढाच उपाय असतो.

तुरटीचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे, कारण हंड्यात तुरटी फिरवणे किंवा निवळीची बी उगाळून घालणे हे आपल्याकडे जुनेच आहे. परंतु तुरटीचा जड, बुळबुळीत साका तळाशी बसवायचा असतो. त्यासाठी पंप रात्रभर बंद ठेवतात (संदेशातली सूचना बहुधा इथूनच उचलली असावी) आणि सकाळी तो साका व्हॅक्यूमने, फिल्टरमधून न नेता, थेट बाहेर टाकतात. दुसरी अडचण आपल्या पाण्याची. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी सहसा मृदू आणि कमी क्षारतेचे (पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता) असते, आणि तुरटी स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मी क्षारता खाते. ६०,००० लिटरच्या पूलमध्ये ३ किलो तुरटी, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, टाकली तर क्षारता २५ मिलिग्रॅमने घटते. मुळात ती तीस-चाळीसच असेल तर पीएच कोसळतो, ॲल्युमिनियम विरघळून राहते आणि पुढे सोडा घालून पीएच वर आणला की तेच पांढुरके होऊन पुन्हा दिसू लागते.

संदेशात नसलेली एक गोष्ट मात्र आपल्या किनाऱ्यावर नेहमी घडते. टँकरचे स्वच्छ दिसणारे पाणी क्लोरीन टाकताच चहासारखे होते, कारण त्यात विरघळलेले लोह गंजाच्या कणांत बदलते. क्लोरीनपूर्वी क्लॅरिफायर टाकणे वाया जाते, कारण विरघळलेल्या लोहाला ते पकडत नाही; गंजाचे कण तयार झाल्यावरच त्याचा उपयोग होतो. आणि पाणी तपकिरी न होता पांढरे झाले असेल, तर आधी ब्लीचिंग पावडरकडे पाहावे : ती थेट पूलमध्ये न ओतता बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी ओतली तर क्लॅरिफायरची बाटली उघडावीही लागत नाही.