घरबसल्या पैसे मिळतात म्हणून कुणी आजारी राहत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांकडून आला. दोन नातलगांकडून, एकदा शेजारच्या काकूंकडून आणि एकदा थेट आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: ‘डिप्रेशनच्या नावाखाली लोक महिनोन्‌महिने घरी बसतात, कारण सरकार त्यांना फुकट पगार देतं. पैसे बंद करा, आठवड्यात उभे राहतील. मनाचा आजार तपासणीत दिसत नाही, चिठ्ठी कुणीही आणतो. काम हेच औषध. आणि जो खरंच आजारी असेल, त्याने पूर्ण बरं झाल्याशिवाय कारखान्यात पाऊल ठेवू नये.’

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. हजेरी, पगार आणि ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कागद माझ्याकडे असतात. माझा धाकटा भाऊ इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी डिप्रेशनमुळे तो सात महिने घरी होता. म्हणजे हे कागद मी भरतेही, आणि त्यांच्या पैशांची घरी बसून वाटही पाहिली आहे.

आधी ‘फुकट पगारा’चं बघू. ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे तो ईएसआयमध्ये येतो. दर महिन्याला त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कामगार धडधाकट असतानाही हे पैसे जातच असतात. आजारी पडल्यावर त्याला रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. १८,००० पगार असेल तर हातात महिन्याला साधारण १२,६०० येतात. ओव्हरटाइम गेला, हजेरी भत्ता गेला, घरभाडं मात्र होतं तेवढंच. लांबणाऱ्या ३४ आजारांची वेगळी यादी आहे. स्किझोफ्रेनिया, एंडोजिनस डिप्रेशन (बाहेरचं ठळक कारण नसताना येणारं), मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस (आता बायपोलर म्हणतात तो) आणि डिमेन्शिया तिच्यात आहेत. अशा आजारांत ८० टक्के मिळतात आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते, पण त्यासाठी आधी सलग दोन वर्षं नोकरी झालेली लागते.

आणि ज्यांचा पगार २१,०००च्या वर आहे, त्यांचं काय? शिल्लक असेल ती रजा, मग बिनपगारी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावला, हे फार मोलाचं झालं. पण मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, किराणा भरत नाही. ठेकेदाराकडच्या ज्या हेल्परची नोंदच केलेली नसते, त्याच्यासाठी तर एवढंही नाही. या मेसेजमधला मजेत घरी बसून पगार खाणारा माणूस मला इतक्या वर्षांत एकदाही भेटलेला नाही.

‘पैसे बंद करा, उभे राहतील’ हा प्रयोग आमच्या घरी होऊन गेला आहे. भावाचे कागद कुठेतरी अडकले आणि पहिले काही आठवडे एक रुपयाही आला नाही. गोळ्या सुरू होऊन तिसरा आठवडा होता. या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. तरी तो उठला आणि कामावर गेला. गोळीने सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून गोळीही बंद केली. तो क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे. व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावरचा आकडा तो तीन-तीनदा वाचायचा आणि रजिस्टरात लिहीपर्यंत विसरायचा. नऊ दिवस गेला. दहाव्या दिवशी पहाटे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता, एक मोजा पायात, एक हातात. आई हाक मारत राहिली. बस निघून गेली तरी तो तसाच बसलेला होता. त्या नऊ दिवसांनी त्याचं आजारपण लांबलं, असं मी स्पष्ट म्हणते. पुढे ईएसआयचे पैसे खात्यात यायला लागले, तेव्हा कुठे तो सलग औषध घेऊ शकला.

चिठ्ठीबद्दल फार लिहायची गरज नाही. नाक्यावरच्या दवाखान्यातली चिठ्ठी आणून हे पैसे मिळत नाहीत. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो: आधी पहिला, मग ठरावीक दिवसांनी मधले, शेवटी फिटनेस, म्हणजे कामावर जाण्याइतका बरा असल्याचा. शंका आली तर मेडिकल रेफरीपुढे, म्हणजे फेरतपासणी करणाऱ्या ईएसआयच्या डॉक्टरपुढे, उभं राहावं लागतं. उपचार चालू ठेवावे लागतात, आणि विचारल्याशिवाय गाव सोडता येत नाही. नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलच्या रांगेत एक सकाळ काढली की हे कुणालाही कळेल. इंदुरात कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला बाणगंगेला न्या’ म्हणतात, कारण तिथे मनोरुग्णालय आहे. अशा गावात कोण हौसेने असा दाखला कारखान्यात नेऊन देईल?

आता ‘काम हेच औषध’. या वाक्यात तथ्य आहे, म्हणूनच मला त्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे. काम मिळालं, माणसांत बसला, की माणूस सावरतो. भाऊही सावरला. पण औषधाची मात्रा असते. आपल्याकडे मात्रा दोनच: शून्य तास, नाहीतर आठ तास आणि वर रात्रपाळी. ज्या दिवसाचा पगार घेतला त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ नाही, असा नियम आहे. म्हणून चार तास काम आणि उरलेल्याची भरपाई अशी सोयच उरत नाही. जर्मनीत आजारी कामगाराला पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर आरोग्य विम्यातून सुमारे ७० टक्के मिळतात. परतताना तो आधी दोन तास, मग चार, मग सहा असं वाढवत जातो, आणि तेवढा काळ विम्याचे पैसे चालूच राहतात. हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात त्याला. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या उत्पन्न संरक्षणाच्या अनेक पॉलिसींतही कमी तासांनी रुजू झालेल्याला कमी पडलेल्या पगाराच्या प्रमाणात रक्कम मिळते. माणूस घरी अडकतो तो पैशांमुळे नव्हे. पलंग आणि पूर्ण पाळी यांच्यामध्ये पायरीच नसते, म्हणून.

आम्ही ती पायरी घरी बनवली. फिटनेस मिळायच्या महिनाभर आधीपासून आई पहाटे त्याचा डबा भरायची. पहिला आठवडा तो डबा घेऊन फक्त बसच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचा आणि तोच डबा घरी बसून खायचा. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर पीथमपूरला गेले, गेटसमोर चहा घेतला आणि परत आलो. रुजू झाला त्या दिवशी गेटवर कुणीतरी ‘क्यों भिया, आराम हो गया?’ म्हणालंच. तो संध्याकाळी जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी गेला.

राहिला ‘पूर्ण बरा झाल्याशिवाय नको’ हा मुद्दा. हा आधीच्या मुद्द्याच्या उलटा आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात बेकर आणि ड्रेक या संशोधकांनी उभी केलेली पद्धत याच्या नेमकी विरुद्ध सांगते: आधी खरी नोकरी, आणि नोकरीत असतानाच आधार. गंभीर मनोविकार असलेल्यांनाही तिचा फायदा झालेला आहे. शिवाय फिटनेस हा ज्याच्या-त्याच्या ठरावीक कामापुरता असतो. भावाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: दोन महिने रात्रपाळी नको. झोप मोडली की हा आजार उलटतो. एवढी एक ओळ पाळली गेली आणि तो टिकला. २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या यादीत मानसिक आजार आहे. २०२१ मध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मानसिक आजारातून घडलेल्या वागण्यावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरू शकतो.

आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणाऱ्या सुपरवायझरसाहेबांशी मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोलले. त्यांच्याच खात्यातला एक मुलगा गेले तीन महिने आजारपणाच्या दाखल्यावर घरी आहे आणि पुढच्या सोमवारी त्याचा फिटनेस येणार आहे. त्याला पहिले पंधरा दिवस कोणती पाळी, कोणतं मशीन आणि शेजारी कोण, हे मी त्यांच्याकडून शनिवारपर्यंत लिहून मागितलं आहे.