मार्था गुप्तहेर नव्हती

'द अमेरिकन्स' मालिकेतली मार्था मुळात केजीबीचीच, एफबीआयमधली नोकरी हा तिचा मुखवटा, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मार्था खरोखरच एफबीआय अधिकारी गाडची सेक्रेटरी होती. मुखवटा होता तो 'क्लार्क'चा, म्हणजे विग आणि चष्मा लावलेल्या केजीबी हेर फिलिपचा. तो विग तिच्यासमोर उतरतो थेट तिसऱ्या पर्वात; ती आधीपासून सामील असती तर त्या प्रसंगाला अर्थच उरला नसता. गाडच्या पेनात मायक्रोफोन तिनेच ठेवला, हे मात्र खरं (गोंधळ बहुधा इथूनच झाला असावा), पण क्लार्क सरकारी चौकशीवरचा माणूस आहे या समजुतीने. तिच्यावरचा संशय निस्तरायला बळी गेला एफबीआयमधल्याच बिचाऱ्या जीनचा, तोही हेर नव्हता. मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका.