अपील म्हणजे केस पुन्हा पहिल्यापासून? न्यू जर्सीत तरी नाही

गेले काही दिवस आमच्या एडिसनकडच्या मराठी ग्रुप्समध्ये एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की न्यू जर्सीत खालचा निकाल विरोधात गेला तरी टेन्शन घ्यायचं नाही, अपील टाकायचं, वरच्या कोर्टात केस पुन्हा पहिल्यापासून चालते, राहिलेले कागद तिथे देता येतात, अपील टाकल्याबरोबर निकालाला स्टे मिळतो, आणि २०२४ पासून तर सरकारी खात्याचं म्हणणं कोर्ट मानतच नाही. यातली एकही गोष्ट जशी लिहिलीय तशी खरी नाही आणि सध्या लेऑफ चालू आहेत, कुणीतरी यावर विसंबून बसेल, म्हणून लिहितेय.

आधी ते "पुन्हा पहिल्यापासून". इथलं अपिलाचं कोर्ट म्हणजे अपेलेट डिव्हिजन. तिथे साक्षीदार येत नाहीत, ज्युरी बसत नाही. दोन किंवा तीन जज खालच्या सुनावणीचा ट्रान्सक्रिप्ट (शब्दशः नोंद) आणि दोन्ही बाजूंचे ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, वाचतात, तोंडी युक्तिवाद हवा असेल तर तोही वेळेत मागावा लागतो. खालच्या जजने साक्षीदार समोर बघितलेला असतो, तो खरं बोलतोय की नाही हे त्याला जास्त कळतं, असं धरून चालतात. म्हणून कोणावर विश्वास ठेवायचा हा खालच्या जजचा निष्कर्ष, त्याला पुरेसा आणि भरवशाचा पुरावा असेल तर, वरचे जज बदलत नाहीत, राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या रोव्हा फार्म्स या १९७४ च्या निकालापासून हेच सांगितलं जातं. कायद्याचा अर्थ लावताना खालचा चुकला असेल तर मात्र ते अजिबात भीड ठेवत नाहीत, तो प्रश्न ते स्वतः नव्याने बघतात. म्हणजे "जजने माझ्यावर विश्वास ठेवला नाही" एवढाच अपिलाचा मुद्दा होत नाही, "जजने चुकीचा नियम लावला" हा होतो.

आपल्या लोकांचा हा गैरसमज का होतो तेही मला कळतं. गावाकडे दिवाणी दाव्यात पहिल्या अपिलात जिल्हा न्यायालय पुरावा खरंच पुन्हा तपासतं, आपण ते घरात बघितलेलं असतं. आणि इथेही म्युनिसिपल कोर्टाच्या ट्रॅफिक तिकिटाविरुद्ध २० दिवसांत सुपीरियर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनमध्ये, म्हणजे खटले चालवणाऱ्या भागात, गेलं तर तिथला जज स्वतःचा नवा निष्कर्ष काढतो, पण तोसुद्धा साधारणपणे जुन्याच रेकॉर्डवरून, म्हणजे खाली दिलेल्या साक्षी-कागदांवरूनच.

आता राहिलेले कागद. इथे मला माझ्या मावसभावाचं सांगायचंय. त्याची शिफ्ट अचानक रात्रीची केली, घरी लहान बाळ, त्याने दोनदा ईमेल करून बदलून मागितली, उत्तर नाही, शेवटी नोकरी सोडली. अनएम्प्लॉयमेंट, म्हणजे बेकारी भत्ता, नाकारलं, कारण स्वतःहून सोडलेल्याला कामाशी संबंधित सबळ कारण दाखवावं लागतं. अपील ट्रायब्युनलची, म्हणजे या भत्त्याच्या पहिल्या अपिलाची, सुनावणी फोनवर झाली, डायनिंग टेबलवर फोन स्पीकरला, शेजारी मी. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं आणखी काही कागद द्यायचे आहेत का, आणि हा "नो मॅडम" म्हणाला, ते दोन ईमेल त्याच्याच लॅपटॉपमध्ये असताना! नंतर म्हणतो, वर गेल्यावर देऊ की. त्याच्या वरच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूने निकाल कायम ठेवला, अपेलेट डिव्हिजनकडे गेलो, आणि निकालात दोन ओळी आल्या की हे ईमेल रेकॉर्डवर नाहीत, आम्ही विचारात घेऊ शकत नाही. रेकॉर्ड वाढवून घ्यायला अर्ज करता येतो, पण कागद तेव्हा का दिला नाही याला कारण लागतं, आणि आमच्याकडे ते नव्हतं. तो एक प्रश्न आणि ते "नो मॅडम" मला अजून ऐकू येतं.

सरकारी खात्यांचं म्हणाल तर राज्याच्या एजन्सीचा अंतिम निर्णय थेट अपेलेट डिव्हिजनकडे जातो आणि तिथे बघतात की निर्णय मनमानी आहे का, कायद्याला सोडून आहे का, रेकॉर्डवर त्याला आधार आहे का. आम्ही असतो तर वेगळं ठरवलं असतं, एवढ्यावर तो फिरत नाही. १९९७ च्या ब्रेडी केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बेकारी भत्त्याबाबतच हे स्पष्ट केलंय.

मेसेजमधला २०२४ चा निकाल म्हणजे लोपर ब्राइट. कायद्याचा अर्थ कोर्टाने स्वतः लावायचा, एजन्सीचा अर्थ मानायलाच हवा असं नाही, असं त्यात म्हटलंय, पण तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा आणि केंद्रीय एजन्सींबद्दलचा आहे. न्यू जर्सीची खाती न्यू जर्सीच्या कायद्याने तपासली जातात, आणि कायद्याच्या अर्थाबाबत कोर्ट एजन्सीला बांधील नाही हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच मेफ्लॉवर केसमध्ये म्हटलंय. वस्तुस्थितीबाबत एजन्सीला मान तेव्हाही होता, आजही आहे.

स्टे आपोआप मिळत नाही. आधी त्याच ट्रायल कोर्टाकडे किंवा एजन्सीकडे मागायचा, भरून न येणारं नुकसान होणार आहे आणि जिंकायची बऱ्यापैकी शक्यता आहे हे दाखवायचं, आणि पैशांचा निकाल असेल तर सहसा बाँड किंवा डिपॉझिट भरायचं. यातलं काही न करता नुसतं अपील टाकून बसलात तर समोरचा वसुली सुरू करू शकतो.

आणि त्या मेसेजमध्ये मुदतीचा शब्दही नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. अपेलेट डिव्हिजनकडे अपील टाकायला अंतिम निकालापासून ४५ दिवस, एजन्सीचा असेल तर निर्णय मिळाल्यापासून ४५, सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त ३० दिवस वाढवून मिळतात. गावाच्या झोनिंग बोर्डाने डेक नाकारला असेल तर तो रस्ताच वेगळा, आधी सुपीरियर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनमध्ये दावा टाकायचा, तिथेही ४५ दिवसच. ज्यांच्या हातात आत्ता असं पत्र आहे त्यांनी त्यावरची तारीख आजच बघा, आणि सुनावणी अजून व्हायची असेल तर प्रत्येक ईमेल, प्रत्येक पे-स्टब त्या सुनावणीतच द्या.