कॅमेरा नंतर, आधी अपलोड बघा

लाइव्ह प्रक्षेपणात चित्राचे चौकोन दिसू लागले की नवा कॅमेरा घ्या, हा तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. इंदूरला आमच्या मंडळाच्या गणपतीचं लाइव्ह मीच सांभाळतो. आरती होईपर्यंत चित्र झकास, गुलाल उधळला की चेहऱ्यांचे ठोकळे! असंख्य कण एकदम हलतात, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, मात्र तेवढाच. इंटरनेटचा अपलोड वेग जेमतेम ५ एमबीपीएस असताना १०८०पीचा, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचा, हट्ट कशाला? त्याहून कमी बारकाव्याचं ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम, बिटरेट ३००० केबीपीएस (म्हणजे ३ एमबीपीएस), कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवणारी फ्रेम) २ सेकंदांवर ठेवा. वायफायचा भरवसा नको, सरळ राउटरपासून लॅनची (इंटरनेटची) वायर ओढा. आणि मांडवात उजेड वाढवा हो; अंधारात कॅमेरा गेन चढवतो, म्हणजे सिग्नल वाढवतो, चित्रात दाणे येतात, मग त्या दाण्यांवरच बिटरेट खर्च होतो. मिरवणूक मोबाइल डेटावर दाखवणाऱ्यांचं मात्र अवघड आहे, गर्दीत टॉवरच दमतो.