‘हो’ म्हटलं म्हणजे सगळ्यालाच हो?

अमेरिकेचं वार्षिक संरक्षण विधेयक मंजूर झालं की एक वाक्य हमखास फिरू लागतं: ‘आक्षेपही घ्यायचे आणि मतही बाजूने द्यायचं, हे ढोंग. मत दिलं म्हणजे पैसा दिला आणि प्रत्येक कलम मान्य केलं.’

पैशाचं आधी मिटवू, ते सोपं आहे. हे विधेयक, म्हणजे एनडीएए, खर्चाला परवानगी देतं. तिजोरी उघडते ती वेगळ्या विनियोजन विधेयकाने. 2024 या आर्थिक वर्षासाठीचा 886 अब्ज डॉलरचा आकडा परवानगीचा होता.

‘प्रत्येक कलम मान्य’ हा खरा घोळ. जून 2023 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीत हाच मसुदा 58 विरुद्ध 1 असा मंजूर झाला होता. जुलैमध्ये सभागृहात रिपब्लिकनांनी त्यात एक दुरुस्ती घुसवली: गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागणाऱ्या सैनिकांचा प्रवासखर्च बंद. डेमोक्रॅट फिरले. फक्त चौघांनी साथ दिली आणि विधेयक 219 विरुद्ध 210 असं कसंबसं निसटलं. सिनेटशी तडजोड करताना ती दुरुस्ती गळाली आणि 14 डिसेंबरला 310 विरुद्ध 118 मतांनी अंतिम मसुदा मंजूर झाला. त्यात 163 मतं डेमोक्रॅटांची. म्हणजे आक्षेपाची किंमत वसूल झाली होती.

पण त्याच मसुद्यात दुसऱ्या एका कायद्यातल्या, वॉरंटविना पाळतीच्या कलम 702 ला 19 एप्रिल 2024 पर्यंत मुदतवाढ चिकटवलेली होती. ती नको आणि सैनिकांची 5.2 टक्के पगारवाढ हवी, असं म्हणायला जागाच नव्हती. सभागृहात दुरुस्त्या बंद, मत एकच.

आपल्याला हे पटायला जड जातं, कारण आपल्याकडे व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. तिथे स्वतःच्याच पक्षाच्या सभागृह-अध्यक्षाने आणलेल्या या विधेयकाविरुद्ध 73 रिपब्लिकनांनी मत दिलं.

आक्षेप कधी फुकटचेही असतात, हे मान्य. 31 डिसेंबर 2011 रोजी ओबामांनी स्थानबद्धतेच्या तरतुदींवर गंभीर शंका नोंदवून त्या वेळच्या संरक्षण विधेयकावर सही केली. तरतुदी कायद्यात राहिल्याच.

मात्र सगळेच तसे नसतात. डिसेंबर 2024 मध्ये कनिष्ठ सैनिकांना 14.5 टक्के पगारवाढ देणारं पुढचं संरक्षण विधेयक आलं. समितीतले ज्येष्ठ डेमोक्रॅट ॲडम स्मिथ त्याच्या वाटाघाटींत होते. सैनिकांच्या अल्पवयीन ट्रान्सजेंडर मुलांच्या काही उपचारांचा खर्च नाकारणारं कलम त्यात शिरलं, आणि स्मिथ यांनी विरोधात मत दिलं. विधेयक तरीही 281 विरुद्ध 140 असं मंजूर झालं.