मुलांचं म्हणणं इतिवृत्तात कसं घ्यावं

वरून पत्र आलंय ना? अत्याचार सोसलेल्या मुलामुलींची मतं घ्या, सेवा सुधारा, अहवाल मार्चअखेर पाठवा. घाबरू नका. मुलांचं ऐकणं वेगळं आणि ऐकल्याचा कार्यक्रम करणं वेगळं. निधी कार्यक्रमाला आहे.

तारीख आधी धरा. बुधवार, सकाळी अकरा, शक्यतो सहामाही परीक्षेचा आठवडा. चारच जण येतात आणि 'प्रतिसाद अत्यल्प' लिहायला आपण मोकळे. आलेल्यांसाठी दारातच हजेरीपत्रक: नाव, गाव, जन्मतारीख, मोबाईल, सही आणि शेवटी 'प्रकरणाचा प्रकार' असा एक रकाना. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 नं प्रसारमाध्यमांना मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे. हजेरीपत्रक हे काही प्रसारमाध्यम नव्हे, ते सगळ्या सभागृहात खुशाल फिरू द्या.

मग दीपप्रज्वलन, रोपटं देऊन स्वागत, साहेबांचं मनोगत. त्यात संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम 12 यायलाच हवं: आपल्याशी निगडित बाबींत मत मांडण्याचा मुलांना हक्क आहे. भारतानं ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली. इतकी वर्षं थांबलेली मुलं साहेबांचं भाषण संपेपर्यंतही थांबतील.

मुलांना बोलतं करताना 'तुझ्यासोबत काय झालं ते सांग' एवढंच म्हणा. सभागृह हळहळतं, मॅडम डोळे टिपतात, फोटो झकास येतो (पाठमोरा काढा, संवेदनशील विषय आहे). चुकूनही 'काय बदलायला हवं?' असं विचारू नका. विचारलंत की सतरा वर्षांची एखादी पोरगी उठते आणि म्हणते, "जबाब घ्यायला ताई साध्या कपड्यांत आल्या, कायद्यात आहे तसंच. पण जीप गल्लीच्या तोंडाशी लावली. तिच्यावर केवढं मोठं 'पोलीस' लिहिलेलं असतं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला कळलं." एवढ्यावर थांबेल तर शपथ. "साक्षीच्या वेळी कोर्टात मध्ये पडदा लावला, ते बरं केलं. पण त्याआधी दोन तास मी व्हरांड्यात बसून होते. समोरच्या बाकावर तो, त्याची आई आणि मामा. मामा माझ्याकडेच बघत होता. पडदा तिथं हवा होता."

आता याचं काय करणार? साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये, असं पोक्सोचं कलम 36 सांगतं. व्हरांड्यात कोणी साक्ष देत नाही. शिवाय व्हरांडा बांधकाम खात्याचा, बाक न्यायालयाचे, जीप गृहखात्याची. आपल्या खात्याची तेवढी मुलगी. तेव्हा टाळ्या वाजवून तिला खाली बसवा आणि इतिवृत्तात लिहा, 'सहभागींनी आपले अनुभव मनमोकळेपणाने मांडले.'

बालगृहातल्या मुलांचं काम त्याहून सोपं, ती कुठं जाणार? बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत बालगृहातल्या मुलांच्याच बालसमित्या आहेत, त्यांची दरमहा बैठक आहे आणि सूचनापेटीही आहे. पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, दर आठवड्याला बालसमितीसमोर उघडायची. लिहिणाऱ्यानं फारच मनावर घेतलेलं दिसतं. पेटी चोरीला गेली म्हणजे? ती अधीक्षकांच्या केबिनच्या दाराशीच बरी, किल्लीही त्यांच्याच जुडग्यात. मुलांच्या वह्या त्या रोज बघतात, त्यामुळे चिठ्ठीवर नाव नसलं तरी अडत नाही. वरण पातळ असल्याची तक्रार निघाली तर भिंतीवरचा आहारतक्ता नव्यानं रंगवून घ्या.

सांभाळणाऱ्यांकडूनच छळ होत असेल तर तो कळवणं हेही बालसमितीचंच काम धरलंय. ते नोंदवहीत नीट उतरावं म्हणून नोंदवही काळजीवाहिकेलाच लिहायला द्या. मुलांचं शुद्धलेखन कच्चं असतं.

सहा महिन्यांनी ती पोरगी फोन करेल, "मॅडम, त्या बाकांचं काय झालं?" गडबडू नका. हजेरीपत्रक काढा, जन्मतारीख बघा. अठरा पूर्ण झाली असतील तर ती आता 'बालक' या व्याख्येत बसत नाही. तिनं संबंधित विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा, दोन प्रतींत, वयाच्या दाखल्यासह.